कालकथित सुजाताबाईंस, सांडव्याच्या जागेबाबत

लिहिणार: मारोती ग्यानोबा, वय वर्षे एक्कावन्न, धंदा अर्जनवीस, बैठक अहमदपूर येथे कचेरीसमोरील लिंबाखाली, राहणार चाकूर रस्त्यावरील आपलेच गाव.

जिला लिहिले ती: कालकथित सुजाता दिगंबर, वय वर्षे सव्वीस, वास्तुरचना व नियोजन या विषयात संशोधनाची उच्च पदवी घेतलेली, राहणार भीमनगर, त्याच गावचे.

घटना: मृत्यू, कावीळ होऊन, नांदेड येथील दवाखान्यात, बाजाराच्या सोमवारी, दिवस मावळण्यापूर्वी.

साक्षीदार: पहिली, निलावतीबाई, कालकथितांची आई. दुसरे, खाजामियाँ गवंडी, ज्यांची नळी मोजणीस वापरली. तिसरे, गावचे तळे, सध्या कोरडे.

तिसरा साक्षीदार कोणत्याही कचेरीत मान्य होत नाही, याची मला जाण आहे. तीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आलो. साक्षीदाराला तोंड असावे लागते, निदान अंगठा तरी असावा लागतो. परंतु सुजाताबाई, जागेलाही विचारता येते, फक्त विचारणाराने खाली वाकले पाहिजे, हे तुमचेच म्हणणे. म्हणून तळ्याचे नाव घातले. त्याच्या पोटात इतक्या रुंद भेगा पडल्या आहेत की परवा एका शेळीचा पाय अडकून मोडला. वरून घारी फिरतात. खाली मेलेल्या माशांचे काटे पांढरे पडले आहेत. असे तळे पाहून कोणालाही वाटेल की यापासून आता कोणास भय नाही.

'कालकथित' हा शब्द माझा नव्हे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका मीच लिहून दिली, आणि सवयीने 'स्वर्गवासी' लिहिले. तुमच्या आईने कागद दोन्ही हातांनी परत केला आणि म्हणाली, "मारोतीभाऊ, स्वर्गवासी नका लिहू. आमच्यात कालकथित म्हणतेत." घरात इतके मोठे दुःख, आणि बाईचे अक्षराकडे लक्ष. तुमची नजर कोठून आली ते मला त्या दिवशी कळले. मी दुसरा कागद घेतला. या जन्मात दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी माझा मजमून फार वेळा बदललेला नाही.

तुमच्या शिक्षणात माझाही वाटा आहे, हे मी येथे नम्रपणे नमूद करतो. नांदेडच्या कॉलेजाला जाताना शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्याच हातचा होता. मी लिहिले होते, 'सदर मुलीस विद्येची अतोनात तळमळ असून ती अहोरात्र ज्ञानासाठी झुरत आहे.' तुम्ही बाकड्याच्या कोपऱ्यावर बसून ते वाचले आणि म्हणालात, "काका, मी झुरत न्हाई. मला चित्र काढता येतंय अन् गणित येतंय, तेवढं लिव्हा." मी हसलो आणि तसाच अर्ज धाडला. शिष्यवृत्ती मिळाली. ती माझ्या मजमुनाने मिळाली असे मी अनेक वर्षे सांगत आलो. आज वाटते, ती गणिताने मिळाली असावी.

पुढे तुम्ही दूरच्या शहरातून ती मोठी पदवी घेऊन आलात. खांद्याला कागदाची लांब नळकांडी, पिशवीत फीत, पेन्सिली आणि जाड वही. त्या दिवसापासून मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणू लागलो. पहिल्याच भेटीत मी विचारले होते, "इतकी वर्षे शिकलात, आता घर बांधता येते की नाही?"

"येतंय की. पण जास्ती करून कुठं बांधू नये ते शिकले."

"ते तर माझी आजीही सांगत असे. त्याला पदवी कशाला?"

"आजीला कुणी इचारलं का पण, काका? मी इचारायला शिकले."

हे उत्तर मला उद्धट वाटले होते. आता ते मी रोज मनात घोळवतो.

तुमचा प्रबंध पाण्याजवळ वसलेल्या वस्त्यांवर होता, आणि तेच काम तुम्ही आता आपल्या गावात पुढे चालविलेत. दुष्काळाचे वर्ष होते, गावात टँकरचे पाणी, आणि तुम्ही विचारीत होतात की पाणी भरपूर असते तेव्हा ते कोठून येते, कोठे जाते. लोक हसले. मी मात्र हसलो नाही, कारण तुम्ही माझ्याकडे एक विनंती घेऊन आलात, जी आजवर कोणी केली नव्हती. माझ्या अर्जांच्या नकला तुम्हाला वाचावयाच्या होत्या. माझ्याकडे दोन पेट्या भरून नकला आहेत. घरचे म्हणतात, चुलीत घाला. तुम्ही आठ दिवस लिंबाखाली बसून त्या वाचल्यात आणि गावाच्या नकाशावर एकेक टिंब देत गेलात: विहिरीचे भांडण येथे, गटाराची तक्रार तेथे, ओल आल्याने भिंत पडली ती या बोळात. आठव्या दिवशी नकाशा माझ्यापुढे ठेवलात. टिंबांची एक ओळ तळ्याच्या पश्चिम कोपऱ्यापासून निघून ओढ्याला मिळाली होती. माझ्याच हाताने, तीस वर्षांत, मला न कळता, एक वाट काढली गेली होती.

ती सांडव्याची वाट होती. तळे भरले की जास्तीचे पाणी ज्या तोंडातून निघून जाते, तो सांडवा. आमच्या पिढीने त्याला बाभळींचा खड्डा एवढेच ओळखले.

माणसांना प्रश्न कसा विचारावा, हेही तुमच्याकडून पाहिले. मी भीमनगरातील म्हाताऱ्या गोदाबाईंना कचेरीच्या रीतीने विचारले, "येथे कधी पूर आला होता काय?" त्या म्हणाल्या, "न्हाई बा." मी उठू लागलो. तुम्ही तेथेच फतकल मारून बसलात. भाकरीचे विचारले, नातवाचे विचारले, मग सहज म्हणालात, "आज्जे, तुझी चूल आधी हितंच होती का?"

"न्हाई की. त्या कोपऱ्यात व्हती. तळं भरलं तवा चुलीत पाणी आलं, इस्तू विझला. मंग मालकानं हिकडं घातली."

"किती पाणी आलं?"

गोदाबाईंनी हात मांडीवर ठेवला. तुम्ही त्या हाताची उंची भिंतीवर गेरूने आखलीत आणि वहीत तीन खाने पाडून पहिल्या खान्याच्या डोक्यावर लिहिलेत, पाहिले. दुसऱ्यावर, ऐकले. तिसऱ्यावर, अंदाज. चुलीची जुनी जागा पहिल्या खान्यात गेली, कारण तिचा काळा डाग अजून होता. पाण्याची उंची दुसऱ्यात गेली. मला म्हणालात, "आमच्या सरांनी दोन वर्षं हेच घोकून घेतलं. कोणतं वाक्य कुठल्या खान्यातलं, ते आपल्याला माहीत पाहिजे." दोन वर्षांच्या शिक्षणाचे सार एवढेच असेल, तर ते थोडे आहे असे मला तेव्हा वाटले.

आता मी त्या भागाशी येतो, जो लिहावयाचे मी टाळीत आहे.

तुम्ही पदवी घेऊन परत येण्याच्या आधीच नवा जिल्हा झाला होता. कागदावर जेथे उस्मानाबाद लिहीत होतो तेथे लातूर लिहू लागलो. दप्तरे गाड्यांतून आली, बरीच अजून बांधलेलीच होती, आणि तळ्याचा जुना नकाशा कोठल्या गाठोड्यात आहे हे कोणी सांगू शकत नव्हते. नव्या जिल्ह्यात प्रत्येक गावाला काहीतरी हवे होते. आपल्या गावाला धान्याचे गोदाम हवे होते. दुष्काळात गोदाम म्हणजे देवालय. सरपंच माझ्या बाकड्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मारोतराव, असं लिव्हा की नकार द्यायला जागाच राहू नये." मी तसे लिहिले. जागा दाखविली तळ्याच्या पश्चिम कोपऱ्यातील, सरकारी, पडीक. आणि शेवटी घातले, 'सदर जागेतून पाणी वाहत नाही व कोणाचीही हरकत नाही.'

मी ती जागा पाहावयास गेलो नव्हतो.

गोदाम मंजूर झाले. सांडव्याच्या तोंडात मुरूम आणि दगड भरून जोते घातले गेले. त्याच सुमारास रोजगार हमीच्या कामावर तळ्याची पाळ दोन हात उंच झाली, ते पुण्याचेच काम म्हणावे. परंतु तुम्ही एका बाजूला उंच झालेली पाळ पाहिलीत, दुसऱ्या बाजूला बुजलेले तोंड पाहिलेत, आणि खाजामियाँची नळी मागून आणलीत. नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन खुंट्यांना धरली की दोन्हीकडे पाणी एका पातळीवर येते, ही गवंड्याची जुनी विद्या. त्या नळीसाठी तुम्ही टँकरच्या रांगेतील स्वतःच्या वाटणीचे पाणी वापरलेत. चार दिवस उन्हात पाळ मोजलीत, मग भीमनगरच्या घरांवर गेरूची रेघ मारीत गेलात. कोणाच्या उंबऱ्यावर, कोणाच्या कोनाड्याखाली, बालवाडीच्या खिडकीच्या वर.

हापशावरच्या बाया काय बोलल्या ते तुम्हाला आठवत असेल. "काय बाई, प्यायाला थेंब न्हाई अन् पुराच्या रेघा मारून राहिल्या?"

"हाव वहिनी. पाणी आलं म्हंजे रेघ मारायला जागा राहणार न्हाई."

बाया हसल्या. पण दुसऱ्या दिवशी एकीने आपल्या घरावरील रेघ शेणाने सारवून टाकली. तिला ती पाहवत नव्हती.

मग तुम्ही लिंबाखाली आलात. गोदामाच्या अर्जाची नकल माझ्याच पेटीतून काढून माझ्यापुढे ठेवलीत. "काका, दर वाक्याफुडं खूण करा. पाहिलं असंल तर पा, ऐकलं असंल तर ऐ, अंदाज असंल तर अं."

मी पेन्सिल घेतली. पहिली चार वाक्ये झाली. 'सदर जागेतून पाणी वाहत नाही' येथे पेन्सिल थांबली. ते मी पाहिले नव्हते, ऐकले नव्हते, अंदाजही केला नव्हता. जागेच्या प्रत्येक अर्जात मी ते वाक्य घालतो, जसे पत्रात लोक क्षेमकुशल घालतात.

तुम्ही हळूच म्हणालात, "मंग चौथा खाना करू या. सवय."

आजूबाजूला चार पक्षकार बसले होते. त्यांच्यादेखत. मी म्हणालो, "तुम्ही काल शिकलात. हा हात तीस वर्षे लिहीत आहे. शिक्का पडलेला अर्ज मी मागे घेतला, तर उद्यापासून माझ्या लिंबाखाली कोण बसेल?"

"अन् न्हाई घेतला तर भीमनगरात कोण बसंल?"

यावर मी जे बोललो ते मी आजवर कोणत्याही कागदावर उतरविलेले नाही. आज उतरवितो. मी म्हणालो, "तुम्हाला तुमच्या वस्तीची काळजी. आम्हाला गावाची."

तुम्ही नकलेची घडी घातलीत. ती परत पेटीत, तिच्या जागी ठेवलीत. म्हणालात, "हाव काका. माझीच वस्ती हाय." आणि उन्हात निघून गेलात.

तुमची वस्ती आणि गाव ही दोन नावे मी वेगळी उच्चारली, ती ज्या तोंडाने उच्चारली त्याच तोंडाने मी तुमच्या शिष्यवृत्तीचे श्रेय सांगत फिरत होतो. याचा खुलासा मी मनात अनेक प्रकारे रचला. एकही प्रकार टिकला नाही.

त्यानंतर महिनाभर तुम्ही माझ्याकडे आला नाहीत. मग कळले की डोळे पिवळे झाले, नांदेडला नेले. मी एसटीने गेलो. खाटेजवळ तुमची आई बसली होती. तुम्ही मला ओळखलेत. भांडणाचे काही बोलला नाहीत. एवढेच विचारलेत, "काका, सांडवा?"

मी म्हणालो, "अर्ज दिला आहे. तोंड मोकळे करण्याचा आदेश आठ दिवसांत निघेल."

पोरी, मी अर्ज दिला नव्हता.

तू डोळे मिटलेस. तुला बरे वाटले असे तुझ्या आईला वाटले. मलाही तसेच वाटून घ्यावयाचे होते. पण तुझी बोटे चादरीवर हलत होती, जणू खाने पाडीत आहेत, आणि माझे वाक्य कोणत्या खान्यात टाकावे ते तुला कळले नसेल असे मी मानू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी सोमवार होता.

अर्ज मी त्यानंतर दिला. आजवर हजारो अर्ज लिहिले, पण अर्जदार म्हणून खाली माझे स्वतःचे नाव प्रथमच घातले. त्यात एकही अलंकार नाही. 'पूर्वीच्या अर्जातील पाणी वाहत नाही हे वाक्य मी जागा न पाहता लिहिले, ते खोटे आहे, ते मी मागे घेतो,' असे साध्या शब्दांत लिहिले, आणि तुमच्या वहीतील मापे जोडली. उत्तर लवकर आले. संबंधित कचेरीने कळविले की गावाच्याच मूळ अर्जात सदर जागेतून पाणी वाहत नसल्याचे स्पष्ट नमूद आहे, सबब फेरविचाराचे कारण दिसत नाही. माझा मजमून इतका पक्का होता की तो मलाच तोडता येत नाही.

भीमनगरात मी घरोघर गेलो. तेथेही तेच. गोदाबाईंचा मुलगा लक्ष्मण म्हणाला, "मारोतीमामा, तुमीच लिव्हलंय की पाणी वाहत न्हाई म्हणून. आता आमाला भ्या दाखवून राहिले?" बायको आतून म्हणाली, "जागा पाहिजे असंल आमची कुणाला." मी उंबऱ्यावर उभा राहिलो. त्या संशयाला मी कोणत्या तोंडाने हरकत घेणार?

तरीही दारोदार जात राहिलो. दहाव्या दिवशी लक्ष्मणच म्हणाला, "बाई खोटं बोलत नव्हती, एवढं माहीत हाय. वहीत काय लिव्हलंय ते सांगा. तसं करू." म्हणून तुमच्या आईकडून वही पुन्हा मागून घेतली, आणि खाजामियाँस बरोबर घेऊन पाळ पुन्हा मोजली. नळी मी धरली. गुडघे टेकले. तुम्ही शिकविल्याप्रमाणे नळीतील बुडबुडे काढले, प्रत्येक खुंटीपाशी पाणी स्थिर होईपर्यंत श्वास धरून थांबलो. हे सांगण्यात मला अभिमान वाटतो, तो क्षमा करावा.

आता मुख्य बाब. सांडवा बंद आहे. तळे कोरडे असले तरी वरच्या माळावरचा जोराचा पाऊस ते एका रात्रीत भरतो, असे म्हातारी माणसे सांगतात. तळे भरले तर पाणी पाळीच्या सर्वांत खालच्या जागेवरून फुटून जाणार. तुमच्या वहीप्रमाणे ती जागा पूर्व टोकाला, बोरीजवळ आहे. त्याखाली पाच घरे आहेत. माझ्या मोजणीप्रमाणे ती पाळीच्या मध्यावर आहे, पूर्व टोकापेक्षा चार बोटे खाली. मध्याखाली सहा घरे आहेत आणि बालवाडी. मी तीनदा मोजले. चार बोटांचा फरक तीनदा आला.

मी खाजामियाँस म्हणालो, "एक तर बाईंची चूक आहे, एक तर माझी."

त्यांनी टाच पाळीच्या मातीत दाबून पाहिली. "दोगांचंबी बरोबर असंल, मारोतीभाऊ. बाई मोजली तवा गोदामाच्या मुरुमाच्या गाड्या खालच्या वाटेनं जात व्हत्या, पाळीवरून न्हाई. आता रोज जातेत. मधी पाळ बसून राहिली."

हे पाहिलेले आहे, ऐकलेले आहे की अंदाज, हे मला ठरविता येत नाही. पाळ बसत असेल तर उद्या चारांची सहा बोटे होतील. वारा तीन दिवसांपासून बदलला आहे. मुंग्या अंडी घेऊन पाळीवरून गावाच्या बाजूला चालल्या आहेत, पण मुंग्यांना सगळीच दिशा गावाची. दक्षिणेला, निलंग्याच्या बाजूस, आभाळ काळे आहे आणि तेथून गार वास येतो. गावात लोक त्या आभाळाला हात जोडत आहेत. मीही जोडले.

शाळेची ओसरी मुख्याध्यापकांनी दिली आहे. तिच्यात सहा घरांची माणसे मावतात, त्याहून एकही नाही. बाकीच्यांना शेजारच्या खेड्यात पोहोचवावयास बैलगाड्या उद्या दुपारपर्यंत येतील. म्हणजे आज कोणास उठवावयाचे आणि कोणास आणखी एक रात्र तेथेच ठेवावयाचे, हे पाळीच्या मापावर ठरावयाचे आहे. वहीवर विश्वास ठेवावा तर पूर्वेची पाच घरे. माझ्या नळीवर विश्वास ठेवावा तर मधली सहा. लक्ष्मण आणि इतर माणसे आत्ता माझ्यासमोर उभी आहेत, आणि त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला आहे, कारण वाचता मलाच येते.

सबब आपणांस विनंती की, पूर्व टोकाचे माप आपण कोणत्या खुंटीवरून घेतले, आणि ते घेताना पाणी पूर्ण स्थिर झाले होते काय, एवढेच कळवावे. उत्तर तोंडी, लेखी किंवा अन्य कोणत्याही मार्गाने चालेल. मी दिवस मावळेपर्यंत पाळीवर थांबतो. तोवर उत्तर न आल्यास मी माझ्या मापावर मधली सहा घरे उठवीन, आणि माझे माप चुकले असेल तर बोरीजवळच्या पाच घरांना उद्या मी काय सांगावे, तेही आपणच कळवावे.

अर्जदार,
मारोती ग्यानोबा